पुसलेल्या सीमेवरची रास्पबेरी

कझाख हद्दीच्या नाक्यावर बस अडकली होती. म्हातारे असानआली पुस्तक उघडून बसले होते, पण कान खिडकीखालच्या टेम्पोतली फळवाली बाई आणि तिचा ड्रायव्हर यांच्या बोलण्याकडे होते.

"बुरुल्चाताई, रास्पबेरी गळायला लागली."

"गळणारच! दोन्ही देशांचा बाजार एक झाला, सीमा पुसली म्हणाले ना? मग ही रांग कसली रे?"

"सीमा पुसल्यानंतरची तपासणी."

"पूर्वी नदीवरून दोरीनं टोपल्या ओढायचो."

"ती चोरी होती, ताई. आता हक्क आहे."

"चोरीचं फळ ताजं पोचायचं! जा, साखर आण. इथंच मुरंबा घालते."

"मुरंब्याची रांग वेगळी आहे."

मग बुरुल्चाताईंच्या हातातली ओघळती टोपली खिडकीतून आत आली.

"घ्या आजोबा, खा. पोटातून नेलेलं तपासत नाहीत."