व्याह्यांच्या मानाची बाटली

(अमरावतीतला दवाखाना. डॉक्टर भगवंतरावांच्या टेबलावर रेडियमच्या पाण्याची विलायती बाटली. समोर दर्यापूरचे बागायतदार खुशालराव आणि त्यांची बायको गोदाबाई.)

भगवंतराव : ...म्हणून दात काढलेली जागा अजून भरत नाही, खुशालराव. या पाण्यातलं रेडियम तुमच्या जबड्याच्या हाडात जाऊन बसलंय.

खुशालराव : काहीतरीच बोलता, डाक्टरसाहेब. अस्सल विलायती माल हाये. अकोल्याचा एजंट म्हने, मोठमोठे साहेब ताकदीसाठी पेतात.

भगवंतराव : त्या साहेबांचेही जबडे झडायला लागलेत. तिकडच्या डॉक्टरांनीच लिहिलंय.

खुशालराव : मंग त्याच्यावर औषध द्या.

भगवंतराव : आधी ऐका. अंगातली पेशी गरजेपुरती वाढते आणि थांबते. रेडियमचे किरण थेट तिच्या आत मार करतात. सदऱ्याचा नमुनाच चुकीचा कापला गेला, तर त्यावरून बेतलेला प्रत्येक सदरा बिघडतो ना? तशी एखादी पेशी थांबणंच विसरते. तिच्यापासून झालेल्या साऱ्या तशाच. त्याची गाठ होते. कर्करोग. कधीकधी कित्येक वर्षांनी उठतो.

खुशालराव : मले झाला काय?

भगवंतराव : अजून गाठ दिसत नाही. हाड मात्र कुजलंय. बाटली आजपासून बंद.

खुशालराव : माही करतो बंद. व्याह्याची कशी करू?

भगवंतराव : व्याह्यांची?

गोदाबाई : आमच्या शकुनच्या लग्नात यायनं मानपानाच्या धोतरजोडीवर ही बाटली ठेवली. सारा मांडव पाहून राहिला होता. तवापासून दर सणाले अंजनगावले पेटी जाते. पोळ्याले उशीर झाला, तं व्याही भरल्या ताटावरून उठले.

खुशालराव : आता त्यायले कोन्या तोंडानं सांगू? मान म्हनून इख पाजलं म्हनू? चारचौघात नाक कापल्या जाईन. त्यापरीस याच बाटल्यायत विहिरीचं पानी भरून धाडतो.

भगवंतराव : तुमच्या विहिरीनं आजवर कोणाचं हाड कुजवलं नाही. अवश्य धाडा.

गोदाबाई : अन् तिथं पोचलेल्या पेट्या?

खुशालराव : त्या व्याह्यानं कवाच्याच संपवल्या असतीन.

गोदाबाई : व्याही एक थेंब घेत नाहीत. मी परवाच पाहून आली. म्हनतात, एवढं भारी पानी म्हाताऱ्यानं कायले प्यावं? सुनेले द्या, नातू दांडगा होईन. शकुनले दिवस गेले तवापासून सासू रोज सकाळी उभी राहून पाजते. पोरगी मले म्हने, माय, बाबाले सांग, बाटल्या कमी पडू देऊ नका.

भगवंतराव : खुशालराव, पाणी घ्या. साधंच आहे.

खुशालराव : अंजनगावची मोटार कवा सुटते?

भगवंतराव : संध्याकाळी आहे एक. व्याह्यांना काय सांगणार?

खुशालराव : तुमी मले सांगतलं थेच. साऱ्या गावासमोर सांगतो. रुसले तं रुसले. पोरीले घेऊन येतो... डाक्टरसाहेब, हाडात गेलेलं थे परत निंगते काय?

भगवंतराव : थोडं निघतं. बाकीचं राहतं.

गोदाबाई : उठा. उद्या सकाळच्या आत पोचाले पायजे.