अलमारीतला कागद अन् उशीवरचा पोपट

...अन् वरून हापिसवाले मलेच म्हनतात, कागद अलमारीत आहे! मले सांगून राहिले, मले, जिच्या नवऱ्याच्या छातीची गोष्ट आमच्या सेक्टरातल्या कुत्र्यालेबी पाठ झाली. का बाई, तुमच्या घरचा कागद गोपनीय आहे, तो अलमारीत आहे, अन् चाबी बडेबाबूच्या, म्हंजे हेडक्लार्कच्या, कमरेले आहे, मंग तो बाहेर जाईनच कसा? आता यावर मी काय बोलू, तुमीच सांगा. कागद अलमारीत, चाबी बडेबाबूच्या कमरेले, अन् बातमी डोंगरगडपावतर. हापिस कोनतं ते मले इचारू नका. नाव घेतलं का उद्या मलेच बलावतीन, का अन्नपूर्णाबाई, तुमाले आमच्या हापिसाचं नाव कोनं सांगितलं.

पयलेपासून सांगते, नाईतर तुमी म्हनसान, बाई नुसती भडकून राहिली, गोष्ट काईच नाई सांगत. तं आमचे हे, नलूचे बाबा, शामराव, कारखान्यात खलासी आहेत. खलासी म्हंजे गर्डरले दोर बांधायचे, ते वर चढवायचे, अन् त्याच्या मांगं आपनबी वर चढायचं. साकोलीकडची वावरं भावाच्या हवाली करून आमी इकडं आलो तेव्हा भिलाईत भट्टीचा नुसता खड्डा होता. आज ती भट्टी पेटून दोन वर्षं झाली. ती पक्की झाली, चिमन्या पक्क्या झाल्या, हे मात्र कच्चेच. रोजंदारीवर. बोलायचे तं असे कमी का घरात आहेत का नाई ते चपला पाहून समजावं लागते. औंदा कुठं यादीत नाव आलं, का शामराव परमनंट होनार, फक्त एक डाक्टरी तपासनी. छातीचा फोटो काढायचा अन् झालं.

इथं माझी एक चूक झाली, ते मी आधीच सांगून टाकते, कारन चूक सांगितली का मानूस मरत नाई, हे त्या हापिसातल्या लोकाईले कोनीतरी शिकवाले पायजे. मी काय केलं, उतई गावच्या बैगाकडून, मांत्रिकाकडून, एक ताईत आनला. कापडात शिवलेला अंगारा अन् एक काळा खडा. म्हनलं तपासनीत पास होऊ द्या. नलूच्या बाबाले सांगितलं, काई झालं तरी गळ्यातून काढायचा नाई. ते म्हनाले, हाव. फोटोवाला म्हने, बनियान उतारो, सब उतारो. यायनं बनियान काढली, अन् ताईत? बायकोनं सांगितलं आहे ना काढायचा नाई? तं सरकवला मांगं, पाठीवर, उजवीकडं. अन् राहिले उभे श्वास रोखून.

फोटोत आला गोल डाग. डाक्टरनं साहेबाले चिठ्ठी लिहिली, का याच्या उजव्या फुप्फुसावर छाया दिसते, पुन्हा तपासू, तोपर्यंत पक्का करू नका, अन् हे गोपनीय ठेवा. इथपर्यंत डाक्टरचं काई चुकलं नाई. चिठ्ठी साहेबाकडून बडेबाबूकडं, बडेबाबूकडून टाइप कराले कृष्णरावकडं. कृष्णराव म्हंजे आमच्याच लाइनीतले, तिसऱ्या क्वार्टरातले, सुशीलाबाईचे मालक. मानूस गरीब. यायनं तीन प्रती काढल्या. तिन्ही प्रतींवर गोपनीयचा शिक्का मारला, लाखेनं पाकीट बंद केलं, अन् बडेबाबूनं ते अलमारीत ठेवून चाबी कमरेले लावली. कागद अलमारीत, चाबी बडेबाबूच्या कमरेले. बरोबर?

अन् कार्बन?

तीन प्रती काढायच्या तं मधात दोन कार्बन लागतात का नाई? ते कुठं गेले? बाप्पा, ते कुठं जातात हे साऱ्या भिलाईले माहीत आहे, फक्त साहेबाले माहीत नाई. कार्बन घरी जातात. बाबू लोक एकदा वापरलेला कार्बन घडी करून खिशात टाकते अन् बायकोले नेऊन देते, कारन बायकोले उशीच्या खोळीवर फूल छापाचं असते, मेजपोशावर हरीन छापाचं असते. कापड खाली, कार्बन मधात, वर नक्षीचा कागद, अन् पेन्सिलीनं गिरवायचं. दर बिस्तरवारी, म्हंजे गुरुवारी, दुपारी सुशीलाबाईच्या व्हरांड्यात आमी सात-आठ जनी बसून हेच तं करतो. आमच्या सेक्टरात जेवढे पोपट, मोर, सुस्वागतम् भरले गेले, सारे त्या हापिसाच्या कार्बनवर भरले गेले. सरकार कारखाना चालवते अन् आमी सरकारच्या कार्बनवर लेकीचं रुखवत चालवतो.

तं त्या बिस्तरवारी मी नलूच्या रुखवताची खोळ घेऊन बसली होती. नलूचं लगन ठरलं होतं ना. डोंगरगडले पोरगा, देवीदास, रेल्वेत फायरमन, वैशाखातली तिथी. त्याची सख्खी आत्या तुळसाबाई आमच्याच मांगच्या लाइनीत राहाते, तीबी यायची भरतकामाले. मी आपली पोपटाची चोच गिरवून राहिली होती. तेवढ्यात तुळसाबाईनं दुसरा कार्बन उचलला, कोरा भाग कुठं आहे पाहाले उजेडाकडं धरला. अन् धरला तं धरलाच. खालीच घेईना. मंग वाचाले लागली, हिंदीतलं, शाळेतल्या पोरीवानी, एकएक शब्द सोडवून, "शामराव... खलासी... दाहिने फेफड़े पर छाया... दोबारा जाँच तक... पक्का न किया जाए... गोपनीय." तो गोपनीय शब्दबी तिनं त्याच ठसक्यात वाचला. अन् मंग मायाकडं पाहून म्हनते, "अन्नपूर्णा, हे तुयाच घरचं नाव ना व?"

मी काय सांगू तुमाले. माझ्या हातातली पेन्सिल चोचीवरच राहिली. मले माहीत नाई, नलूच्या बाबाले माहीत नाई, ज्याची छाती त्याले खबर नाई, अन् सात बायका ऐकून बसल्या. तुळसाबाईनं चहाचा कप अर्धाच ठेवला, म्हने मले घरी काम आहे. तिले कधी घरी काम नसते. तिचं काम म्हंजे डोंगरगडले कार्ड लिहिनं, हे काय मले समजत नाई?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ड्युटीवर गेले तं यायच्या मेटनं, टोळीच्या मुकादमानं, पान्याचा मग वेगळा ठेवला. नुसता मग वेगळा. दुपारी डबा उघडला तं आजूबाजूचे चौघं सरकून बसले. यायले वाटलं आज भाजीले लसूण जास्त झाला असंन. इतवारी बाजारात कारखान्यातल्या रशियन इंजिनेराची एक मेमसाहेब मले पाहून छातीवर हात ठेवते अन् च् च् करते. आता तिले कोनत्या भाषेत समजलं ते देवच जाने, आमाले तिच्याशी टमाट्याचा भाव बोलता येत नाई.

मंग मलेच सांगावं लागलं. ऐकून घेतलं यायनं. संध्याकाळी आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर बसले. नलू पानी घेऊन गेली तं म्हनाले, "तिथंच ठेव बेटा, जवळ नको येऊ." ताट सोताच घासलं, वेगळं ठेवलं. अठरा वर्षांची पोरगी, बापाजवळ जावं का नाई म्हनून दारातच उभी. मी चुलीपाशी बसून रडली, खोटं कायले सांगू. अन् चौथ्या दिवशी डोंगरगडचं कार्ड आलं, का सध्या पोराले सुटी नाई, लगनाचं पुढं पाहू. पुढं पाहू म्हंजे काय ते पोरीच्या मायले सांगावं लागत नाई.

तवा मी यायचा हात धरला अन् हापिसात गेली. बडेबाबू पान खाऊन बसले होते. म्हनलं, आमच्या घरची गोष्ट बाहेर कशी आली? ते कमरेची चाबी वाजवून दाखवतात, "देखिए बहनजी, कागज तो अलमारी में है. चाबी मेरे पास है. निकलेगा कैसे?" मी पिशवीतून सुशीलाबाईकडून आनलेला तो कार्बन काढला, पुढं धरला. म्हनलं, अन् हे? त्यायनं चश्मा लावला, उजेडाकडं धरलं, पुरं वाचलं, अन् म्हनतात, "ये कागज थोड़ी है, ये तो स्टेशनरी है. स्टेशनरी स्टोर का मामला है." गेलो स्टोरात. स्टोरवाला म्हने, "कोरा कार्बन हमारा. छप गया तो टाइपिस्ट का." टाइपिस्ट म्हंजे आपले कृष्णराव. त्यायनं मान खालीच घातली, हळूच म्हनाले, "वहिनी, टाइप झाल्यावर तो कचरा होते. कचरा चपराशाचा." चपराशी भैयालाल बिचारा स्टुलावर बसला होता. तो म्हने, "दीदी, मोला तो कचरा मिलबेच नइ करय. बाबू मन घर ले जाथें." म्हंजे कचरा त्याले मिळतच नाई, बाबू लोकच घरी नेतात. साऱ्या हापिसात खरं बोलनारा एक मानूस, अन् तो स्टुलावर.

साहेबाकडं गेलो. साहेबानं चौकशी लावली. चौकशी म्हंजे बडेबाबूनं बडेबाबूले इचारलं का अलमारी बंद होती काय, बडेबाबूनं सांगितलं हाव. अन् पंधरा दिवसांनी निकाल. काय निघाला असंन? खिडकी! खिडकी उघडी होती, हवेनं काईतरी उडालं असंन. हुकूम निघाला का खिडक्या बंद ठेवाव्या. सुतार आला, खिळे ठोकून गेला. चैताचं ऊन, पत्र्याचं छप्पर, अन् आतमधी सारे बाबू घामानं निथळून राहिले. पन चूक कोनाची? हवेची. कागद अलमारीत, चाबी बडेबाबूच्या कमरेले.

मधात यायची दुसरी तपासनी झाली. या वेळी मी संग गेली. डाक्टर पाठीमागून पाहतात तं पाठीवर ताईत. त्यायनं तो हातात घेतला, खडा दाबून पायला, अन् खुर्चीत बसून असे हसले का डोळ्यातून पानी आलं. मी सांगितलं, डाक्टरसाहेब, चूक माझी आहे, मीच बांधला. ताईत काढून फोटो काढला, छाती एकदम साफ. डाक्टर म्हनाले मी आजच साहेबाले लिहितो. मले वाटलं सुटलो बापा. मी बडेबाबूकडं धावत गेली. म्हनलं, साफ निघाल्याची एक नकल द्या, डोंगरगडले दाखवतो, पोरीचं लगन अडून राहिलं आहे.

तं काय म्हनाले असतीन?

"बहनजी, वो तो गोपनीय है."

ऐका, ऐका. बिमारीची गोष्ट गावभर, अन् बरा असल्याची गोष्ट गोपनीय! मी म्हनलं, अहो, ते पयलं तं साऱ्याईनं वाचलं. ते म्हनतात, "पढ़ा होगा, पर हमने तो नहीं दिया." मी म्हनलं, निदान तोंडानं सांगा कोनाले. म्हनतात, नियम नाई. नलूचे बाबा मांगं उभे होते. इतक्या वर्षांत कधी कोनाशी वर आवाज केला नाई या मानसानं. ते बडेबाबूले म्हनाले, "साहेब, मी अस्सी फूट वर चढतो, तिथं मले भेव वाटत नाई. तुमच्या टेबलापाशी वाटते." अन् निघून गेले. त्या दिवशीबी जेवले पायरीवरच. मी म्हनलं आता आत या, तुमी साफ आहा. म्हनाले, "मी साफ आहो, पन लोकाईले कुठं माहीत आहे."

रात्रभर नाई, अर्धा घंटा इचार केला मी. मंग उठली, पेटीतून मेजपोशाचं कापड काढलं अन् सुशीलाबाईकडं गेली. म्हनलं, सुशीलाबाई, मले मोर काढायचा आहे. ताजा कार्बन लागते. बाई हुशार. मायाकडं पायलं, कापडाकडं पायलं, अन् आत जाऊन मालकाले म्हनाली, "ऐकलं का, डाक्टरची दुसरी चिठ्ठी आली असंन ना टाइपाले?" आतून कृष्णराव म्हनतात, "अहो पन ते गोपनीय आहे." मी बाहेरूनच म्हनलं, "म्हनूनच तं."

बिस्तरवार आला. साऱ्या जनी आल्या, तुळसाबाईबी आली, दूर बसली, पन आली. मी कार्बन तिच्यापुढं सरकवला, म्हनलं, तुळसाबाई, मले बारीक दिसत नाई, कोरा भाग कुठं आहे पाहा बरं. तिनं उजेडाकडं धरला. धरला तं धरलाच. अन् लागली वाचाले, त्याच ठसक्यात, "शामराव... खलासी... छाती साफ... पहली छाया ताबीज की थी... पक्का करने योग्य... गोपनीय." मी मोराचा तुरा गिरवत राहिली, मान वर केली नाई. तुळसाबाईनं त्या दिवशी चहा पुरा पेला. मंग म्हनाली मले घरी काम आहे.

संध्याकाळपावतर मेटनं यायले आपल्या मगात पानी देल्लं. इतवारी मेमसाहेब हसली. चौथ्या दिवशी कार्ड आलं, का देवीदासले सुटी मिळाली. त्या रात्री नलूनं बापाचं ताट आत वाढलं, अन् हे मुकाट्यानं आत येऊन बसले.

लगन पार पडलं. रुखवतात पोपटाची खोळ ठेवली, शेजारी मोराचा मेजपोश. तुळसाबाईनं साऱ्या वऱ्हाड्याईले बोट लावून लावून दाखवलं.

आता राहिली एकच गोष्ट. यायची परमनंटची ऑर्डर. तीन महिने झाले. हापिसात इचारलं तं बडेबाबू चाबी वाजवतात, कागद अलमारीत आहे, काय लिहिलं ते सांगता येत नाई. आता मी भांडत नाई बाई. हापिसात जातबी नाई. दर बिस्तरवारी एक नवी खोळ घेऊन सुशीलाबाईच्या व्हरांड्यात जाऊन बसते अन् आधी कार्बन उजेडाकडं धरून पाहाते. दोन हत्ती, एक ससा अन् चार कमळं झाली, ऑर्डर अजून आली नाई. कापड मात्र संपत आलं आहे.