घंटेपर्यंतचा झोका

नाही हो ताई, जोर नका लावू — जोराने पाय नुसते भरून येतात. फळीवर उभ्याच राहा, दोर घट्ट धरा. टोकाला पोचलात की गुडघे वाकवा, खाली येताना उठा — हं, अस्सं! वाढला ना वीतभर? दर खेपेला वीतभर, बस. झोका किती लांब जातो, त्याला शाळेत सर आयाम म्हणायचे. मी शाळा लवकर सोडली, पण हे डोक्यात राहिलंय, कारण मार खाल्लाय त्यापायी! मी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. सर म्हणाले, दुसिक, गाढवा, मध्यापासून मोजायचं — झोका गप्प लोंबतो तिथून. मध्य म्हणजे कुठे? मी उभा आहे ना, इथेच.

ती समोर बांबूला घंटा दिसते? दानोच्या सणाला झोक्यावरून तिला पाय लावायचा. पूर्वी पोरींची रांग लागायची, वेखंडाच्या पाण्याने धुतलेले केस सगळ्यांचे — वास नुसता! आता गावात आज्याच उरल्या. म्हणतात, दुसिक, तूच चढ की परकर नेसून! हसतात. तरी मी दरसाल झोका बांधतो. घंटा वाजावी, एवढंच. कुणीही वाजवावी. उंच आहे म्हणता? हो — मिरानच्या मापाने बांधलीय. कोण म्हणजे? इथलीच, माझ्या वर्गातली. तिने मध्यापासूनच मोजलं होतं, बरोब्बर. राजधानीत गेली, सोलला, शिवणाच्या कारखान्यात. दानोला येते म्हणाली होती. मघाशी तुम्ही बसमधून उतरलात ना, लांबून मला वाटलं — काही नाही. एक गंमत सांगू? झोका थोडा जावो की लांब, परत यायला वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. लांब गेलेलासुद्धा तेवढ्यातच परत येतो. सरांनी दोरीला दगड बांधून दाखवलं होतं. दगडाचं दाखवलं होतं, म्हणजे… जाऊ द्या.

वाका — उठा — वा ताई, शहरातल्या असून! हातभरच राहिलं. पुढच्या खेपेला पाय ताणा, म्हणजे घंटा — नको. थांबा. नका लावू पाय! ताई, नका ना लावू! मिरानच्या मापाची आहे ती. नुसत्या उभ्या राहा, काही करू नका… उतरेल. हळूहळूच उतरतो तो, एकदम नाही थांबत.

या खाली. नाही, रागावलो नाही. या तांदळाच्या हिरव्या वड्या घ्या, आज्यांनी दिल्यात, वाटेत खा. जा आता, परतीची बस चुकेल. फळी सोडा — मी धरतो.