चार कोंबड्या आणि बाबांचा खिसा

...नाही, तुम्हीच सांगा, कोंबड्यांनी दगा दिला असता तर मी समजून घेतलं असतं, पण बाबांनी? तुम्हाला सांगते, कल्पनाच त्यांची. ब्रॉयलरच्या शेडसाठी नवं खाद्य घ्यावं की जुनंच, त्यांचं ठरेना. म्हणाले, "पोत्यावर काय, काहीही छापतात. त्यातली किती ऊर्जा पक्ष्याच्या अंगी लागते ते तू मोज, तू म्हणशील ते आणू." मी म्हणेन ते? घरात मला कधी भाजी कोणती करू हेसुद्धा कुणी विचारत नाही.

मग काय, चार कोंबड्या वेगळ्या पिंजऱ्यात, खाली ट्रे, दाणा तोलून आत, विष्ठा तोलून बाहेर, ती वाळवायची आईच्या ओव्हनमध्ये. (आई म्हणाली, "हा ओव्हन आता तुलाच आंदण.") एक ग्रॅम खाद्य जाळायचं, वरच्या डब्यातलं पाणी किती तापतं बघायचं, तसंच विष्ठेचं, आणि वजाबाकी केली की कोंबडीनं ठेवून घेतलेली ऊर्जा हातात. इतकं सोपं, की हजेरीलाही पुटपुटणारी मी सरांना म्हणून बसले, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हाच प्रकल्प मांडते, स्टेजवर मी बोलेन.

आठ दिवसांनी हिशोब केला, तर अंगी जवळजवळ काही लागतच नव्हतं, आणि चौघी मात्र फुगत चाललेल्या. पण दाणा तर मी तोलून घालत होते...

सर वर्गासमोर वही धरून म्हणतात कसे, "वारा खाऊन जाड होणारा पक्षी. बाई, तुझं नाव इतिहासात जाणार." वर्ग हसला. स्टेज गेलं दुसऱ्या मुलीला. मी काटा तपासला, थर्मामीटर बदलला, स्वतःच्या डोक्यावर शंका घेतली, कारण दाणा तर मी तोलून घालत होते ना?

शनिवारी शाळा लवकर सुटली. शेडमध्ये गेले, तर बाबा पिंजऱ्यापाशी उकिडवे, खिशातून मका काढतायत. "खा गं बायांनो, ती यायच्या आत."

"बाबा, दाणा मी तोलून घालत होते."

"तेच बघवेना गं. शेजारी पाच हजार जणी पोटभर खातायत, आणि यांच्यापुढे तू काटा घेऊन बसतेस."

"पण मोजायचं तुम्हीच सांगितलंत."

"मग मीही मोजूनच दिलं. सकाळी दोन मुठी, दुपारी दोन."

प्रकल्पाच्या शेवटी 'त्रुटीचे कारण' असा एक रकाना असतो. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: वडील. अख्ख्या वहीत सरांनी तेवढ्याच उत्तराला बरोबरची खूण केली.