कंप्युटरचा अंधार

नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. पटलं तर घ्या, शेजारच्या दाजी-मेहुण्याचं हे बोलणं मी या कानांनी ऐकलं. दाजींच्या मांडीवर आतून काळं रंगवलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं.

"दाजी, ह्यात काय हाय?"

"अंधार. आपल्या पोरीच्या, राजकन्याच्या कंप्युटरवर बसवायचा. क्लासच्या पत्र्याच्या शेडात ऊन लई चमकतं, पडद्यावर अक्षर दिसंना. उद्या परीक्षा हाय."

"मग आत खोलीत बसावं की."

"भूकंपापासून पोरगी स्लॅबखाली जाती का?"

"माप कशाचं घेतलं?"

"आपल्या टीव्हीचं."

"अन् कंप्युटर लहान निघाला तर?"

"तर पोरीच्या डोक्यावर घालू. अंधार झाल्याशी मतलब!"

"डोक्यावर छत चालंल तिला?"

"पुठ्ठ्याचं हाय रे, येड्या."

"तुम्ही घालून बघा बरं."

दाजींनी घातलं.

"कसं वाटून राहिलं?"

"सुदाम, काढ. आधी काढ हे छत!"