रिकामा आलेला डबा

…रिकामा! आवं, घासून लख्ख, पर रिकामा! तुमास्नी सांगते, आमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत देत न्हाईत. काय न्हाई तर मूठभर शेंगा, चिमूटभर साखर. आन् माझ्या पोटच्या पोरीनं, आम्रपालीनं, सांगलीच्या यस्टीतनं रिकामा डबा धाडावा? लेकीनं आईला तोडलंच की! आता ह्यात बोलायचं काय हाय?

बोलायचं आमच्यात न्हाईच. माझी आई मला सासरी धाडताना रडली न्हाई. म्हनली, “भाकरीला मुंग्या लागतील, वर टांग.” झालं! मी बी तसलीच. पोरीची आठवण आली की कारळ्याची चटणी, माझं चुकलं की शेंगदाण्याची पोळी. कंडक्टरच्या हातात डबा दिला की मन मोकळं!

गेल्या म्हैन्यात तिचा फोन. “आई, आटपाडीत एकटी काय करतीस? हितं येऊन ऱ्हा.” मी म्हनलं, “आन् शेळ्या काय तुझ्या गादीवर बांदू?” फोन कट! मग मी चार पोळ्या धाडल्या, तर ह्यो डबा… रिकामा!

घातला डबा पिशवीत, नेसले नवं लुगडं, गाठली सांगली. दार उगडून आम्रपाली म्हनती, “आई? अशी न सांगता?”

“डबा द्यायला आले.”

“तो तर तुझाच हाय.”

“म्हनूनच!”

तेवढ्यात मदी नात आली, प्रांजल. कॉलेजात मानसाच्या मनाचा अभ्यास करती, बिचारीला घरात एक मन सापडंना! “आजी, डबा मी पाठवला, मम्मी ड्यूटीवर होती. पोळ्या संपल्या म्हणून धुतला… त्यात काही भरायचं असतं का?”

घ्या! तीन आठवडं माझा जीव टांगणीला, का तर पोरगी स्वच्छतेची!

पर प्रांजल सोडती व्हय? आमास्नी समोरासमोर बसवलं. “आता दोघी मनातलं बोला. ‘मला वाटतं’ अशी सुरुवात करा.”

मी म्हनलं, “मला वाटतं… तुझा कुकर गळतोय.”

आम्रपाली म्हनली, “मला वाटतं, तू बीपीची गोळी घेतली न्हाईस.”

“ह्याला भावना म्हणत नाहीत!” पोरीनं कपाळ बडवलं. तेवढ्यात आम्रपालीचं डोळं भरलं. आता कांदा म्हनावं तर हातात कांदा न्हाई! मीच म्हनलं, “जा, कांदा चिर जा.” गेली बिचारी. आता ह्यात बोलायचं काय हाय?

“बोलता येत नाही ना? मग लिही, मम्मी!” प्रांजलनं पेन दिलं. आम्रपाली अर्दा तास पेन चावत बसली. निगताना मला भरलेला डबा दिला, वर चिठ्ठी. आवं, जन्मात पैल्यांदा लेकीनं मनातलं लिवलं! यस्टीत डबा पार उराशी आडवा आवळून आटपाडीपत्तूर आले.

मला तर ‘अ’ बी येत न्हाई. पर लेकीचं मन शेजारनीला कसं दावायचं? चार दिस चिठ्ठी उशाखाली. पाचव्या दिवशी ऱ्हाववंना, शेजारच्या हरणाबाईच्या सुनंला म्हनलं, वाच बाई, पर हळू वाच. ती वाचती, “आई, डब्यात लोणचं हाय. डबा उबा धर, आडवा धरू नकोस. तेल सांडंल.”

एवढंच. मागं कोरं.

सून म्हनती, “मावशी, रडताय व्हय?”

म्हनलं, “रडू न्हाई तर काय करू? लुगडं नवं हुतं!”