टापेखालचा माणूस

आदरणीय अध्यक्ष नेवियस, व्यासपीठावर बसलेले आपल्या संघाचे पुरोहित, उद्या सीरियाला निघणारे पहाऱ्याचे नायक वोल्कातियस, आणि टांकसाळीतल्या माझ्या भावांनो,

ठसे कोरणाऱ्याला बोलता कुठलं येणार? पण आग्रह झाला, म्हणून उभा राहिलो.

नायकांची आठवण म्हटली की मला एक सकाळ आठवते. मी टांकसाळीच्या मोनेटादेवीपुढे मीठ ठेवलं, हात जोडले आणि कोरायला बसलो. शेजारी आपला मोडक्या नाकाचा दामा घण मारत होता. एक नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं, त्याला कळलं नाही. पुढच्या चकतीवर सम्राटांचा चेहरा एका बाजूला उठला, दुसऱ्या बाजूला खड्डा होऊन बसला. होतं असं. आपण हसतो आणि ती मुशीत टाकतो.

नेमके नायक आले. चकती उलटून म्हणाले, "सम्राटांच्या तोंडाचा खड्डा कोणी केला रे?"

"मागून बघताय सरकार," दामा म्हणाला. "थोरामोठ्यांना मागून बघू नये."

आम्ही हसलो. नायक हसले नाहीत. कर्तव्यापुढे त्यांना विनोद दिसत नाही, हा त्यांचा गुण इथे सांगितलाच पाहिजे. दोघा शिपायांनी दामाचा पंजा ठशावर दाबून धरला. घण नायकांनी स्वतः उचलला. सम्राट दामाच्या तळहातावर उमटले. दुसरा घाव डोक्यावर. मग आकडा अडकवून त्याला टायबर नदीपर्यंत फरफटत नेलं. त्याच्या बायकोने नायकांचे पाय धरले, "जिभेखाली एक नाणं तरी ठेवू द्या!"

"राजद्रोह्याला कसलं नाणं?"

आणि नाण्यावाचून मेलेल्यांना पलीकडे नेणारा नावाडी कुणाला घेतो?

असो. नायकांच्या निरोपासाठी नवं नाणं पाडायचं ठरलं. पुढे सम्राट; मागे त्यांचा घोडा, टापेखाली उत्तरेकडचा शत्रू. दाढीवाला कोर, अशी आज्ञा होती. ते नाणं आता तुमच्या प्रत्येकाच्या हातात आहे. जरा उजेडात धरा. टापेखालच्या माणसाला दाढी नाही. मुठीत घण आहे. ते मोडकं नाक ओळखलंत ना?

शिपायांनो, दारातच थांबा, थोडंच उरलंय.

या नाण्यांच्या बाकीच्या पेट्या पहाटेच ओस्तिया बंदरात जहाजावर चढल्या. अध्यक्षांचे, पुरोहितांचे आभार. नायक, प्रवास सुखाचा होवो. कोरण्यात काही उणं राहिलं असेल तर पोटात घाला. चेहरा आठवणीतून काढला आहे. ठसा मी फोडून देवीपुढे ठेवला. दामाला आता नाणं कमी पडणार नाही.